गवंड्याच्या छातीतली धूळ

विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली जात होती, तेव्हा धुळीबद्दल ओरड झाली. ती रास्तच होती. पण सर्वात घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही. उलव्यातल्या नव्या इमारतीच्या बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून कोणी ग्राइंडरने फरशी कापतो, तेव्हा ती उडते.

आपल्या काळ्या पाषाणात स्फटिकरूप सिलिका तुलनेने कमी असते. वाळू, ग्रॅनाइट आणि काँक्रीटमध्ये ती बरीच असते. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये तर ती 90 टक्क्यांच्या वर असू शकते. तिचे अतिसूक्ष्म कण रुमालाला जुमानत नाहीत. ते थेट वायुकोशांत रुततात, भोवती गाठी बनतात आणि फुप्फुस ताठर होते. हाच सिलिकोसिस. काम सोडले तरी तो वाढू शकतो आणि तो पूर्ण बरा करणारे औषध नाही.

खोकला, दम, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच. त्यातच सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोकाही अधिक. म्हणून अनेकदा फक्त क्षयाचे उपचार होतात आणि मूळ आजार निसटतो. तो उमटायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. तोवर कामगार गावी परतलेला असतो आणि बांधकामाच्या जागी या आजाराची नोंदच राहत नाही.

ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांवर बंदी घातली. राजस्थानने 2019 मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण आणले. महाराष्ट्रात 1996 च्या कायद्यांनुसार बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी जमा होत आला आहे. त्यातून नोंदणीकृत गवंडी, पाथरवट आणि फरशी कामगारांच्या छातीचा एक्स-रे व श्वसनचाचणी नियमित व्हायला हवी. केसपेपरवर ‘काय काम करता, किती वर्षे?’ हा रकाना रिकामा राहता कामा नये.

कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच बसते. हा खर्च फार नाही. कंत्राटात ती अट घालणे बिल्डरच्या हाती आहे. घर घेणाऱ्यानेही ओट्याचा रंग निवडताना एवढे विचारावे: दगड ओला करून कापणार ना?