यंत्राचे उत्तर आणि मदतनिसाची पारख

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले आणि पाहता पाहता अशी साधने जळगाव-धुळ्याच्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत मोबाइलवाटे येऊन पोहोचली. आमच्या पाहण्यात दोन प्रकारचे मदतनीस येतात. जुना मदतनीस “हे आपले काम नव्हे” म्हणून दूर राहतो. नवा मदतनीस आलेले उत्तर जसेच्या तसे रुग्णाच्या हाती देतो. पहिल्यास आत्मविश्वास नाही, दुसऱ्याचा उसना आहे.

हे यंत्र अफाट मजकुराच्या अभ्यासावरून पुढचा संभाव्य शब्द जुळवीत जाते. त्यामुळे खरे आणि चुकीचे ते सारख्याच सफाईने सांगते. चरकसंहितेत आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी परीक्षेची चार साधने सांगितली आहेत. यंत्र हे आप्त नव्हे. त्याच्या उत्तराची उरलेल्या तिन्हींनी परीक्षा झालीच पाहिजे.

ही परीक्षा करण्यास सर्वांत योग्य कोण? आमच्या मते तो जुना मदतनीसच. ब्राह्मी या नावाने कोठे जलब्राह्मी, तर कोठे मंडूकपर्णी विकली जाते. यंत्राने दोहोंचे वर्णन एकत्र केले, तर वर्षानुवर्षे पाने हाताळलेल्या माणसाच्या ते चटकन लक्षात येईल. त्याचे हे ज्ञान कालबाह्य झालेले नाही. उलट त्याची किंमत वाढली आहे, हे त्याला मालकाने स्पष्ट शब्दांत सांगावे.

म्हणून आरंभ माहितीच्या कामापासून करावा. पहिला महिनाभर मालाच्या मागणीचे पत्र, पथ्यापथ्याची पत्रिका, अनुपानाच्या सूचना एवढेच यंत्राकडून लिहून घ्यावे. आठवड्यातून अर्धा तास सर्वांनी एकत्र बसून त्यातील दोष शोधावेत. चरकांनी वर्णिलेली संधाय संभाषा ती हीच: हार-जीत नाही, केवळ ज्ञानवृद्धी. मजकूर अहिराणीत हवा असेल, तर घरी अहिराणी बोलणाऱ्यानेच तो तपासावा. दोष दाखविणाऱ्याचे कौतुक व्हावे. शंका विचारणाऱ्यास कोणी हसू नये.

मर्यादाही लेखी असाव्यात. रुग्णाचे नाव, फोन क्रमांक वा निदान यंत्रात घालू नये. औषधाची मात्रा वैद्यानेच ठरवावी. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारख्या अनुसूची ई (१) मधील द्रव्यांबाबत तर तडजोड नकोच. ‘मधुमेह समूळ बरा’ अशी जाहिरात यंत्र क्षणात लिहून देईल. परंतु १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याखाली उत्तर मालकालाच द्यावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेनेही जुलै २०२५ मध्ये पारंपरिक वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचा आढावा प्रसिद्ध केला आहे. हा विषय आता टाळता येणारा नाही. व्यवसायबंधूंना आमची विनंती एवढीच, की नवे साधन विकत घेण्यापूर्वी आपल्या माणसांसाठी आठवड्यातील तो अर्धा तास राखून ठेवावा. “हे चुकीचे आहे” असे यंत्रालाही निर्भयपणे सांगू शकणारा मदतनीस हीच आपल्या रुग्णांची खरी सुरक्षितता होय.