आधी घर, मग शाळा

दत्तकविधान आपल्या समाजाला नवे नाही. परंतु त्यामागचा हेतू बहुतांशी वंश आणि वारसा हाच राहिला. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही, घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा आणि मुलगी असेल तर दुसरी मुलगी दत्तक घेता येणार नाही, असे बंधन घातले. २०१५च्या बाल न्याय कायद्याची दृष्टी वेगळी आहे. तेथे दाम्पत्याला अपत्य मिळवून देण्यापेक्षा निराधार बालकाला कुटुंब मिळवून देणे महत्त्वाचे मानले आहे. घरात आधी मूल असणे हा तेथे अडथळा नाही. मात्र २०२२च्या नियमावलीनुसार दोन किंवा अधिक मुले असलेल्या दाम्पत्याला, नात्यातील दत्तक सोडल्यास, विशेष गरजा असलेले अथवा दीर्घकाळ घर न मिळालेलेच मूल घेता येते. पती-पत्नीच्या वयांची बेरीज ९०च्या पुढे गेली असेल, तर चार वर्षांखालील मूल मिळत नाही. म्हणजे भरल्या घरात येणारे बालक पुष्कळदा जाणते असते. ते आपला भूतकाळ बरोबर घेऊनच उंबरठा ओलांडते.

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. एकेकाळी शहराबाहेर असलेले हे गाव आता सिडकोच्या वस्तीत आणि रेल्वे स्थानकाच्या गजबजाटात सामावून गेले आहे. वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीने कामाला, मोठा मुलगा पाचवीत, धाकटी दुसरीत, आणि जूनच्या तोंडावर शिशुगृहातून आलेला आठ वर्षांचा नवा भाऊ. शेजारपाजारच्या मंडळींचा पहिला सल्ला ठरलेला असतो: "लगेच शाळेत घाला, रुळेल." वयाप्रमाणे त्याला तिसरीचा वर्ग मिळतो. अक्षरओळख जेमतेम, आडनाव नवे, कदाचित नावही नवे. मधल्या सुट्टीत कोणीतरी मोठ्याला विचारतो, "हा तुझा भाऊ कधीपासून?" या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही देता येत नाही, कारण घरातच ते अजून तयार झालेले नसते.

म्हणून काही पालक अशा मुलाला प्रारंभीचे काही महिने घरीच ठेवून, भावंडांच्या संगतीत शिकवण्याचा विचार करतात. आप्तेष्टांना हे विचित्र वाटते. वास्तविक याचे एक ठळक उदाहरण मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. शेतीवाडीत वाढलेला हा मुलगा तोवर लिहिणे-वाचणे शिकलेला नव्हता. एका दिवसात नाव बदलले, आई बदलली, घराचा राजवाडा झाला. त्याचे शिक्षण वाड्याच्या आवारातच सुरू झाले. आनंदराव आणि संपतराव हे सख्खे भाऊ सोबतीला होते. एलियट हे मुख्य शिक्षक. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा, शिवाय घोडेस्वारी आणि तालीम. १८८१च्या डिसेंबरात सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभार हाती घेतला, तो या सहा वर्षांच्या शिदोरीवर. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवू लागलेल्या याच राजाने १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

राजवाड्याची तुलना मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांशी कशी करावी, असे कोणी म्हणेल. ऐश्वर्याची तुलना नकोच. पण बडोद्यातील एक व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे आई आई होती आणि शिक्षक शिक्षक होता. आपल्या घरात ही दोन्ही कामे एकाच बाईच्या अंगावर पडतात. जिच्या कुशीत शिरायला हे मूल अजून बिचकते आहे, तीच सकाळी वही तपासते, चूक दाखवते, पाढा चुकला म्हणून आवाज चढवते. शेजारी बसलेली धाकटी तो पाढा धडाधडा म्हणून मोकळी होते. तिचा दोष काहीच नसतो, पण नव्या भावाच्या डोळ्यांतले पाणी तिला दिसत नाही. घरी शिकवण्याचा प्रयोग फसतो तो येथे.

यावर उपाय साधा आहे. अक्षरे आणि आकडे आजोबांनी शिकवावेत, नाहीतर गल्लीतल्या सेवानिवृत्त बाईंनी रोज तासभर यावे. आईने फक्त गोष्ट सांगावी. मोठ्या भावाला मास्तर करू नये. त्याच्याबरोबर सायकल चालवण्यात आणि बाजारहाट करताना सुट्टे पैसे मोजण्यात नवा भाऊ अधिक शिकतो. मोठ्याची शाळा, त्याचा अभ्यास, आईजवळचा त्याचा हक्काचा वेळ यांतून काही काढून घेतले जात आहे असे त्याला वाटू लागले, तर घरात दोन गट पडायला वेळ लागत नाही. पोटच्या आणि मानलेल्या मुलांत पंक्तिप्रपंच होऊ नये म्हणून सिंधुताई सपकाळ यांनी स्वतःची लेक पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवली होती. तो त्याग त्यांच्या शेकडो लेकरांच्या संसाराला शोभला. चारचौघांच्या घराला ती वाट नाही. तेथे पंक्तीत बसूनच पंक्तिप्रपंच टाळावा लागतो.

शाळा कायमची टाळावी, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानतो. पण तोच कायदा पुष्कळ सवलतीही देतो, आणि त्यांची माहिती पालकांना नसते. सत्र सुरू झाल्यावर आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. जूनऐवजी दिवाळीनंतर शाळेत गेल्याने मुलाचे काही बिघडत नाही. घाईने गेल्यास मात्र बिघडू शकते, आणि वर्षानुवर्षे घरीच कोंडून ठेवल्यास निश्चित बिघडते. आपल्याच विचारांच्या चौकटीत मूल घडवण्याच्या हौसेपायी कोणी शाळेकडे पाठ फिरवत असेल, तर त्या हौसेची किंमत मुलाला मोजावी लागते. भांडायला, खेळायला, रुसायला समवयस्क सवंगडी हवेतच. घरी राहण्याच्या काळातही संध्याकाळी मैदानावर खो-खोचा डाव त्याच्यासाठी उघडा असला पाहिजे.

वस्तीतल्या कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते. त्या मुलासमोर "केवढे पुण्याचे काम केलेत" असे आईवडिलांना म्हणणे आधी थांबवावे. आपण कोणाच्या तरी पुण्याचा विषय आहोत हे आठ वर्षांच्या मुलाला नेमके कळते. त्याचे मूळ कोणते, जात कोणती, याची चौकशी करू नये आणि करणाऱ्याला तेथेच अडवावे. तासभर शिकवायला कोण येईल, वडिलांची रात्रपाळी असताना आईला विसावा कोण देईल, हे ठरवावे.

दत्तक दिल्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी समाजसेवकाची भेट होते. पहिली भेट होईल तेव्हा वहीत किती पाने भरली, याची काळजी घराने करू नये. ते मूल भूक लागली की स्वतःहून स्वयंपाकघरात जाते का, रात्री दचकून उठले तर कोणाला हाक मारते, भावाशी भांडण झाले की रुसून कोपऱ्यात बसते की कपडे पिशवीत भरू लागते, एवढे त्या दिवशी मोकळेपणाने सांगता आले पाहिजे.