सापाच्या अंगावरचे फोड

साप म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, काठी नाहीतर दुधाची वाटी. त्यालाही दुखणं येत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

अमेरिकेतल्या माझ्या नातवाने कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप पाळलाय. मध्यंतरी त्याच्या पोटाखाली बारीक फोड आले. सूनबाईंनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला! हळद लावा, कडुनिंबाचा पाला टाका, खोबरेल चोळा. एका वन्संनी तर शांत करायला सांगितलं. सर्वांचा हेतू चांगला, पण ‘हा फोड कशामुळे?’ असं एकानेही विचारलं नाही.

फोड ही नुसती खूण. कारणं बरीच असतात. पिंजऱ्यातला भुसा सतत ओला राहिला की पोटाखाली पाण्याचे फोड येतात. खवल्यांच्या फटीत बारीक काळ्या किडी शिरतात. तेव्हा साप तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो आणि भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसतात. ऊब देणारा दिवा फार जवळ असला तर भाजतं. बुरशी असू शकते. अमेरिकेत रानातल्या सापांतही बुरशीचा एक रोग आढळतो. आणि घट्ट गाठ असेल तर आत पू असू शकतो. सापाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरसारखा घट्ट असतो. दाबून निघत नाही, डॉक्टरांनाच कापून काढावा लागतो. कुत्र्याचं गोचिडांचं औषध अंदाजाने सापाला लावणं तर जिवावरच बेतायचं. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, म्हणून फोटोवरून उपचार सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुका जीव ‘आग होतेय’ म्हणून सांगणार कसा?

आपल्याकडे हा प्रश्न निराळा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नाग, धामण, अजगर घरी ठेवताच येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे करावी लागते. अंगणात जखमी साप दिसला तर वनखात्याला कळवावं, हळदीचा डबा उघडू नये. आमच्या सोलापूर जिल्ह्यातलं शेटफळ घरात वावरणाऱ्या नागांसाठी प्रसिद्ध आहे. लोक त्यांना मारत नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं. पण न मारणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं.

गारुड्याच्या टोपलीतल्या नागाकडे तर पाहवत नाही. दात उपटलेले, कधी तोंड शिवलेलं, आत जखम चिघळलेली. साप दूध पीत नाही. दिवसेंदिवस तहानलेला ठेवला तर समोर येईल ते पितो. त्यावर कुंकू टाकून आपण हात जोडतो. (शाळेत नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी हे मुलांना दरवर्षी सांगत असे. काही पालक रागवायचे.)

नातू त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ओल्या भुशाचेच फोड निघाले. भुसा काढून कोरडा कागद अंथरला, इंजेक्शनं झाली. हाताळल्यावर साबणाने हात धुवायलाही बजावलंय, कारण सापापासून माणसाला साल्मोनेलाची बाधा होऊ शकते. डाग जायला दोन-तीन काती टाकाव्या लागतील म्हणे. पहिली कात परवाच पडली, नातवाने तिचाही फोटो पाठवलाय. या खेपेला ग्रुपवर सगळे गप्प आहेत.