कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर काय होतं?

‘घरगुती हिंसाचाराची केस दिवाणी असते, त्यात जेल होत नाही,’ असं अनेकदा ऐकायला मिळतं. हे अर्धंच खरं आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली महिला दाद मागते तो अर्ज प्रामुख्याने दिवाणी स्वरूपाचा असतो. पण त्यावर मॅजिस्ट्रेटने दिलेला संरक्षण आदेश मोडला, की तो फौजदारी गुन्हा ठरतो.

शिक्षा किती?

कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंतरिम आदेशालाही हेच लागू आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस थेट एफआयआर नोंदवू शकतात. मात्र प्रत्येक वेळी अटक होतेच असं नाही. कलम ३२ नुसार केवळ पीडित महिलेच्या साक्षीवरूनही कोर्ट गुन्हा सिद्ध मानू शकतं.

काय केलं तर आदेश मोडतो?

आदेशात काय लिहिलंय, त्यावर हे ठरतं. मारहाणच व्हायला हवी असं नाही. संपर्काला मनाई असेल तर फोन किंवा व्हॉट्सॲप मेसेजही पुरेसा आहे. तिच्या ऑफिसात जाणं, मनाई असताना जॉइंट खातं किंवा लॉकर वापरणं, तिच्या नातेवाइकांना त्रास देणं हेही त्यात येऊ शकतं.

‘आता समेट झालाय’ म्हटलं तर?

तोंडी समेटाने आदेश संपत नाही. महिलेने अर्ज करून कोर्टाने तो रद्द करेपर्यंत संरक्षण आदेश लागू राहतो. परिस्थिती बदलल्यास दोघांपैकी कुणीही बदलासाठी कोर्टात जाऊ शकतं.

पोटगी थकवली तर?

इथे कलम ३१ लागतं का, यावर वेगवेगळ्या हायकोर्टांचे निकाल वेगवेगळे आहेत. पण वसुलीचा मार्ग आहे: मॅजिस्ट्रेट नवऱ्याच्या कंपनीला पगारातून थेट रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतात.

तक्रार कुठे करायची?

संरक्षण अधिकारी, पोलीस ठाणे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे. आदेशाची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते, ती जवळ ठेवा. मेसेज आणि कॉलची नोंद डिलीट करू नका. तातडीची मदत हवी असेल तर ११२, महिला हेल्पलाइन १८१.