लिस्बनला जाऊन जपानी?

"लिस्बनला जाऊन जपानी खाल्लंस?" परत आल्यापासून हा प्रश्न किती जणांनी विचारला, विचारू नका. चेहऱ्यावर भाव असा, की मी पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन न घेताच परतलोय! वर एक उपदेश फुकट: "जिथे जावं तिथलंच खावं."

झालं असं, की सोबत आई होती. तिला अंडं चालतं, पण मासे-मटण नाही. आणि लिस्बनमध्ये जिकडेतिकडे खारवलेला कॉड नाहीतर भाजलेल्या सार्डिन. पालेभाजीचं सूप मागवलं तर त्यातही सॉसेजची चकती! तीन दिवस पाव, चीज आणि संत्र्यांवर काढल्यावर आई म्हणाली, "काहीतरी गरम खाऊ दे रे आता." तेवढ्यात एका गल्लीत जपानी पाटी दिसली. भाज्यांचा तेंपुरा मागवला. सोबतच्या वाटीतल्या सॉसमध्ये मासा असतो, ती बाजूला सारली. आई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी एका साध्या खाणावळीत फरसबीची भजी मिळाली. नाव 'पेशिन्युश द ओर्ता', म्हणजे बागेतले छोटे मासे. मासा नावालाच! आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "अरे, हे तर कालचंच की!"

आई बरोबर होती. पोर्तुगीज १५४३ साली जपानला पोचले, १६३९ मध्ये त्यांना हाकललं गेलं, पण पिठात बुडवून तळायची त्यांची रीत तिथेच राहिली. तिचाच पुढे तेंपुरा झाला. मग सांगा, मी त्या रात्री कुठलं खाल्लं?

बरं, हे अस्सलपणाचं सोवळं नेसणारे आपले मित्र सोमवारी उपासाला काय खातात? बटाटा, मिरची, शेंगदाणे. तिन्ही मूळचे अमेरिकेतले. बटाटा आणि मिरची पोर्तुगीजांनीच आणली, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. वडापावातला 'पाव' आणि जपान्यांचा 'पान' (ब्रेडच तो) हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दातून आले.

तिथलं खाण्याला माझा विरोध नाही. पाश्तेल द नाता मी रोज दोन हाणले. माझा राग त्या 'च'वर आहे. ज्याला सगळं चालतं त्याला तो 'च' सोपा आहे. ज्याला चालत नाही त्याने उपाशी राहावं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आणि हाच 'च' घरी आला, की "आमच्या सोसायटीत राहायचं तर आमच्यासारखंच खायचं" असा होतो. तेव्हा मात्र माझ्या आईसारखे शाकाहारीच पुष्कळदा नियम करणाऱ्यांच्या बाजूला असतात. हे मी आईलाही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली.

असो. पुन्हा लिस्बनला गेलो तर पुन्हा जपानी खाईन. कुणाला विचारायचं असेल तर खुशाल विचारा.