मुलांची पावले आणि मोठ्यांची नजर

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या आईबापांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून निघतो. "फादर, पोरगी नाचाच्या क्लासला जायचे म्हणते. घालावी काय?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटात तीन शंका दडलेल्या असतात. पहिली अब्रूची, दुसरी धर्माची आणि तिसरी पैशाची. आज या तिहींचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अब्रूची शंका आपल्या बुऱ्हाणपुरात तरी समजण्यासारखी आहे. हे शहर दीर्घकाळ मोगल सुभेदारांचे ठाणे होते. तापीपलीकडील जैनाबादेची हिराबाई आणि शहाजादा औरंगजेब यांची कथा आजही येथे सांगितली जाते. त्या काळी नाचगाणे हे श्रीमंतांच्या मर्जीवर जगणाऱ्या स्त्रियांकडे असे. त्यांनी कला जतन केली; समाजाने कला पाहिली आणि त्या स्त्रियांना मात्र हीन लेखले. दक्षिणेत देवदासींच्या वाट्यालाही तेच आले. "घरंदाज मुलींनी नाचू नये" हे वाक्य आपल्या आज्यांच्या तोंडी आले ते या वाटेने.

परंतु काळ तेथेच थांबला नाही. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अड्यार येथे भरतनाट्यम सादर केले आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही संस्था उभी केली. १९४७ साली पुण्यात रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती काढली, आणि साध्या मराठी घरांतील मुली पायांत घुंगरू बांधून कथक शिकू लागल्या. त्यामुळे कोणत्याही घराची अब्रू गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पवित्र शास्त्रातही हा प्रश्न आलेला आहे. कराराचा कोश यरुशलेमेत आणला गेला तेव्हा दाविद राजा सर्वांदेखत देहभान विसरून नाचला. त्याची राणी मीखल ही शौलाची कन्या. तिने खिडकीतून ते पाहिले आणि राजाला हे शोभत नाही म्हणून मनात त्याचा तिरस्कार केला. घरंदाजपणाचा अभिमान बाळगणारी होती ती मीखल. पण शास्त्र तिची बाजू घेत नाही. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्याम हाती डफ घेऊन स्त्रियांसह नाचली, तिलाही शास्त्राने संदेष्टी म्हटले आहे.

कोणी म्हणेल, हेरोदियेच्या कन्येचे काय? तिच्या नाचापायी योहान बाप्तिस्ताचा शिरच्छेद झाला ना? खरे आहे. परंतु ती गोष्ट नीट वाचावी. ती मुलगी वयाने लहान होती. मेजवानी हेरोदाची, भलते वचन त्याचे, आणि मनातले वैर आईचे. मोठ्यांनी आपल्या हेतूसाठी एका मुलीला पाहुण्यांपुढे नाचविले. दोष तिच्या पावलांत नव्हता, तो पाहणाऱ्यांच्या नजरेत आणि नाचविणाऱ्यांच्या मनात होता.

ही गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. आमच्या माहितीतील एका घरी नऊ वर्षांच्या मुलीचे नाव कथकच्या वर्गातून चार दिवसांत काढून घेतले गेले. कारण लोक काय म्हणतील! त्याच वर्षी तीच मुलगी शाळेच्या संमेलनात ओठ रंगवून सिनेमाच्या एका उथळ गाण्यावर नाचली, आणि घरच्या सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. गाण्याचा अर्थ तिला कळत नव्हता. टाळ्या वाजविणाऱ्यांना कळत होता. जेथे तिला ताठ उभे राहण्यास आणि मात्रा मोजण्यास शिकविले जात होते, तेथून तिला परत आणले. आणि जेथे तिला मोठ्या बाईचे सोंग देण्यात आले, तेथे तिचे कौतुक झाले. यात अब्रू कोठे राखली गेली, हे वाचकांनीच ठरवावे. दूरदर्शन वाहिन्यांवरील नृत्यस्पर्धांत लहान मुलांना वयाला न शोभणारे हावभाव करावयास लावू नयेत, अशी सूचना केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला जून २०१९ मध्ये वाहिन्यांना द्यावी लागली. सरकारला जे दिसले ते आईबापांना दिसू नये काय?

आता धर्माची शंका. भरतनाट्यमचा पाठ भूमीला नमस्कार करून सुरू होतो. कथकमध्ये कृष्णाच्या कथा येतात. मग आपल्या मुलांनी काय करावे? भूमीवर पाय आपटावयाचे म्हणून आधी तिची क्षमा मागावयाची, असा त्या नमस्काराचा अर्थ सांगतात. यात नम्रता आहे, आणि नम्रता आपणास परकी नाही. जेथे पूजेचा भाग येतो तेथे गुरुजींशी आदराने, मोकळेपणाने बोलावे. बहुतेक गुरू समजून घेतात. आपल्या ख्रिस्तसभेनेही ही कला दूर लोटलेली नाही. फादर जॉर्ज प्रोक्श यांनी मुंबईत अंधेरी येथे ज्ञानआश्रम स्थापिला आणि भारतीय संगीत व नृत्य यांतून शुभवर्तमान मांडले. तिरुचिरापल्लीस १९७७ साली धर्मगुरूंच्याच पुढाकाराने कलै कावेरी ही नृत्य-संगीताची संस्था निघाली. फ्रान्सिस बार्बोझा यांनी बडोद्यास भरतनाट्यमचे शिक्षण घेऊन ख्रिस्ती विषयांसाठी नव्या हस्तमुद्रा योजिल्या. गोव्यातील कॅथलिक घरांत मांडो आणि देखणी तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत.

कोणते नृत्य शिकवावे, हे पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून थोडक्यात सांगतो. संगीत नाटक अकादमी आठ शास्त्रीय नृत्ये मानते: भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीअट्टम आणि सत्रिय. आपल्या भागात गुरू मिळण्याचा संभव अधिक तो कथक व भरतनाट्यम यांचा. कथकमध्ये शरीर सरळ ठेवून तळपायांनी ताल वाजवितात. मूल प्रथम सोळा मात्रांच्या त्रितालात तत्कार शिकते आणि बोल तोंडाने म्हणून दाखविते. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेरच्या बाजूंना वाकवून अर्धे बसावे लागते आणि अडवू नावाचे पायाभूत प्रकार घटवावे लागतात. दोहोंतही पहिली दोन-तीन वर्षे कंटाळवाणी, आणि खरी कमाई त्याच वर्षांत होते.

शास्त्रीय नृत्य म्हणजेच नृत्य, असेही नव्हे. आपल्या निमाडात चैत्रात गणगौर नाचतात. कार्तिकी एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत काठी नृत्य चालते. आपल्या डोंगरांतील कोरकू बांधवांचे गदली-सुसून पाहावे: कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. लेझीम, फुगडी आणि झिम्मा यांना तर फीही लागत नाही. ज्या मुलाला शहरात पाठविणे शक्य नाही, त्याला गावातील एखाद्या जाणत्या माणसाने अंगणात लेझीम शिकविली तरी पुष्कळ झाले. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनत सांगते. ती नाचातून सहज होते. मुलग्यांनाही ती तितकीच लागते. दाविद पुरुषच होता, हे बापांनी ध्यानी घ्यावे.

राहिली पैशाची शंका. केळीच्या बागेत किंवा मागावर राबणाऱ्या घराला महिन्याची फी जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून नाव घालण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्या. आईला वर्गात बसून पाहू देतात काय? आधी ताल शिकवितात, की आधी पोशाखाचे पैसे मागतात? कार्यक्रमाचा खर्च निराळा किती? नुसत्या सिमेंटवर तासन्‌तास पाय आपटून घेतात, की मुलाचे गुडघे दुखल्यास थांबवितात? सात-आठ वर्षांपूर्वी घाई करू नये. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आहेत. पण त्या मुलाच्या पायरीने द्याव्या, शेजारच्या मुलाच्या नव्हे. दहा ते चौदा वर्षांच्या गुणी मुलांसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे. शाळेतील गुरुजींकडे तिची चौकशी अवश्य करावी. आणि फी खरोखरच झेपत नसेल तर कर्ज काढू नये.

नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपली म्हण आहे. मुलांच्या बाबतीत अंगण सरळ ठेवणे हे मोठ्यांचे काम. चांगला गुरू, वयाजोगे गाणे आणि निर्मळ नजर एवढे आपण दिले, की पावले पुढे टाकणे मुलांना आपोआप साधते.