विमानाचे तास आणि घरचे तास

मैत्रिणींनो, मुंबईहून अमेरिकेतल्या नेवार्कला विमानाने किती वेळ लागतो, असं मी परवा सातवीच्या वर्गात विचारलं. पृथ्वीगोलावर दोरा लावून पाहिला. तो सरळ पश्चिमेला गेलाच नाही. उत्तरेला चढला आणि आइसलंडच्या बाजूने अटलांटिक ओलांडून खाली उतरला. अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. थेट विमानाला जाताना 15-16 तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून 14-15.

मुलांनी उत्तर वहीत लिहून घेतलं. मला मात्र गेला श्रावण आठवला.

सोमवारी पहाटे 6 ला वडील गेले. धाकटा भाऊ नेवार्कजवळ राहतो. जमलेली मंडळी म्हणाली, "पंधरा तासांचं तर विमान! उद्या सकाळी येईलच." बर्फाच्या लाद्या आणल्या आणि मंगळवारी सकाळी 9 ची वेळ ठरवली.

आता खरा हिशोब बघा. आपल्याकडे सोमवारची पहाट, तेव्हा तिकडे रविवारची रात्र, साडेआठ. (उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा.) तिकीट मिळालं सोमवारी दुपारी 12 चं, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. विमान मुंबईला उतरलं मंगळवारी दुपारी 12 ला. पासपोर्टची रांग, सामान यात दोन तास. तिथून मोटारीने पाथरीला नऊ तास. भाऊ दारात आला तेव्हा रात्रीचे 11 वाजले होते. साडेचौदा तासांच्या विमानाला एकूण 41 तास!

तोवर चुलतभावाने अग्नी दिला होता. भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, मला विचारलं तरी का नाही?" खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही आपले बोटांवर पंधरा तास मोजत बसलो.

म्हणून सांगते, तुमचं कुणी परदेशी असेल तर हा हिशोब आजच मांडा. तिकडच्या घरापासून आपल्या उंबरठ्यापर्यंत सगळा. थेट विमान नसेल तर मधल्या मुक्कामाचे तासही धरा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पासपोर्ट, व्हिसाची मुदत विचारून ठेवा. आणि अवघड वाटलं तरी हेही विचारा: थांबायचं, की थांबायचं नाही?

मी आईला विचारलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका. त्याला म्हणावं, दिवाळीला ये. तेव्हा काय ते बोलू."

भावाने तिकीट काढलंय. या वेळी 41 तास लागले तरी चालतील.